नकार पचविणारें प्रेम

मनुष्याला स्वतःची ओळख पटते ती घराला धरून राहिल्यानें कीं घर सोडल्यानें, हा वाद फार जुना आहे. आमच्या परंपरेनें दोन्ही पक्षांचा सन्मान केला आहे. पित्याचें वचन पाळण्यासाठीं वनांत गेलेला राम आम्हांस वंद्य, आणि पत्नी व पुत्र यांस निद्रेंत सोडून सत्याच्या शोधास निघालेला सिद्धार्थही वंद्य. परंतु बहुसंख्य माणसांच्या वाट्यास ना वनवास येतो, ना महाभिनिष्क्रमण. आईबापांच्या सहवासांत, भावंडांच्या गजबजाटांतच त्यांना आपलें मन ओळखावयाचें असतें. त्यांनीं काय करावें?

या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस वारंवार आठवतो तो एखादा नीतिग्रंथ नव्हे, तर लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेनें मुलींसाठीं लिहिलेली 'लिट्ल विमेन' ही कादंबरी. तिचा पहिला भाग १८६८ मध्यें व दुसरा १८६९ मध्यें बॉस्टन येथें प्रसिद्ध झाला. शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळें ती मराठी घरांतही कधींच आपलीशी झाली आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाचा काळ. वडील सैन्यांत धर्मोपदेशक म्हणून गेलेले. घरीं आई आणि मेग, जो, बेथ व एमी या चार मुली. पंधरा वर्षांची जो ही लेखिका होऊं पाहणारी, तापट, मनस्वी मुलगी. वडील आजारी असल्याची तार येतांच ती आपले लांबसडक केस विकून २५ डॉलर घेऊन येते. हा प्रसंग वाचून डोळे पाणावतात. परंतु कादंबरीचें खरें नैतिक बळ आमच्या मतें येथें नाहीं. तरुण मनास देणें सोपें असतें. कठीण असतें तें नाकारणें.

शेजारचा लॉरी हा श्रीमंत, उमदा, घरांतील सर्वांचा लाडका. जोचा तर तो जिवलग मित्र. तो तिला मागणी घालतो आणि जो नाहीं म्हणते. या नकाराला चारचौघांत सांगण्याजोगें कारण नाहीं. मुलगा वाईट नाहीं, त्याच्या घरचा विरोध नाहीं, आणि मार्च कुटुंबाचें दारिद्र्य तर या विवाहानें एका दिवसांत फिटलें असतें. ज्या भावनेनें विवाह करावा ती आपल्या मनांत नाहीं, एवढेंच तिला कळलेलें असतें. तरीही आई तिला एका शब्दानें दूषण देत नाहीं. दोघेंही तापट आणि स्वातंत्र्यप्रिय, तेव्हां त्यांचें जमणार नाहीं, असें तिनें आधींच मुलीपाशीं बोलून दाखविलेलें असतें. मुलीचा नकार ऐकूनही ज्या घराचें प्रेम तसूभर उणें होत नाहीं, त्याच घरांत मुलीला स्वतःचें मन ऐकूं येतें. जेथें प्रत्येक नकारामागें प्रेम गमावण्याची भीति असते, तेथें माणूस आपलें मन इतरांपासून लपवितो, आणि पुढें पुढें तें त्याचें त्यालाही सांपडेनासें होतें.

परंतु नकाराला वावच नाहीं असाही एक क्षण या कथेंत येतो. बेथ मृत्युशय्येवर आहे. माझ्यामागें आईबाबांना तूं सांभाळ, असें ती जोला विनविते. आणि जो आपल्या जुन्या महत्त्वाकांक्षेवर पाणी सोडून तसें वचन देते. मरणाऱ्या बहिणीला नाहीं कोण म्हणेल? वचन पाळतांना मात्र ती एकाकी होते, कोमेजते. येथें आई जें करते तें आम्हांस साऱ्या कादंबरींतील श्रेष्ठ कृत्य वाटतें. घराला वाहून घेतलेली मुलगी आयती हातीं आली आहे. तिचें कौतुक करीत राहणें किती सोईचें! तसें न करतां ती विचारते कीं, लिहीत असस तेव्हां तूं सुखी असस. मग पुन्हां लिहीत कां नाहींस? मुलीनें प्रेमापोटीं जें देऊन टाकलें, तें आई तिला परत करते.

लेखिकेच्या स्वतःच्या वाट्यास इतकें आलें असें म्हणवत नाहीं. तिचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे थोर ध्येयवादी, पण संसाराच्या हिशेबांत कच्चे. १८४३ मध्यें त्यांनीं स्थापिलेली 'फ्रूटलँड्स' ही आदर्श वसाहत कांहीं महिन्यांतच मोडली. लुइझेनें शिवणकाम केलें, मुलें शिकविलीं, परक्याच्या घरीं चाकरीही केली. लेखनाच्या उत्पन्नांतून तिनें कुटुंबाचें कर्ज फेडलें, धाकटी बहीण वारल्यावर तिच्या मुलीला वाढविलें, आणि ६ मार्च १८८८ रोजीं, वडिलांच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनीं, तिनें देह ठेवला. ती अविवाहित होती. जोनेंही तसेंच राहावें अशी तिची इच्छा. परंतु वाचक मुलींनीं जो व लॉरी यांच्या लग्नाचा हट्ट धरला. तिनें तो मानला नाहीं, तरी एका प्रौढ जर्मन प्राध्यापकाशीं जोचें लग्न लावून दिलेंच. आम्ही स्वतः प्राध्यापक, तेव्हां या निवडीस नांवें ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. पण वाचकांचें प्रेमही लेखिकेचा नकार पुरता पचवूं शकलें नाहीं, हें खरें.

हें लिहितांना आपल्या घराकडे पाहणें आम्हांस भाग आहे. आमची आई वारली तेव्हां आमची वडील बहीण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षास होती. तिनें कॉलेज सोडलें आणि आम्हां धाकट्यांना वाढविलें. "तूं शीक" असें तिला कोणी म्हटलें नाहीं. "तूं सोड" असेंही नाहीं. तें जणूं ठरलेलेंच होतें. पुढें आम्ही प्राध्यापक झालों आणि चार लोकांत तिच्या त्यागाचे गोडवे गाऊं लागलों. गेल्या वर्षीं आम्हीं तिला 'चौघीजणी' वाचावयास दिली. पुस्तक परत करतांना ती म्हणाली, "जो चांगलीच आहे रे, पण मला तिची आई आवडली. तिनं विचारलं तरी." स्वरांत तक्रार नव्हती, म्हणूनच आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमची सारी स्तुति म्हणजे आम्हीं कधींच न विचारलेल्या प्रश्नावर घातलेलें पांघरूण होतें, हें त्या वेळीं उमगलें.

कोणी म्हणेल, असें विचारीत बसल्यास घरें मोडतील आणि जो तो आपल्या मनामागें धांवेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. विचारलें असतें तरी ताईनें कदाचित् घरच निवडलें असतें. परंतु मग तें तिनें निवडलेलें असतें, तिच्यावर येऊन पडलेलें नसतें. हें अंतर बाहेरून दिसत नाहीं; ज्याला तें जगावें लागतें त्यालाच तें कळतें.

त्या संध्याकाळीं आम्हीं ताईला विचारलें, कॉलेजांत तुला कोणता विषय आवडत असे? ती क्षणभर गप्प राहिली. मग वनस्पतिशास्त्राविषयीं बोलूं लागली, आणि दिवे लागून गेले तरी बोलतच होती.