पारख करणाऱ्याचे देणे

बैलबाजारात जाणता शेतकरी बैलाचे दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. या पारखीला कोणी नावे ठेवत नाही. कारण पोळ्याच्या आदल्या दिवशी तोच शेतकरी त्याच खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतो. आपण तिला खांदेमळणी म्हणतो. ज्या खांद्यावर जू ठेवले त्याचे आपण देणे लागतो, एवढी साधी समज त्यामागे आहे.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात 1987 पासून जवळपास दर वर्षी हिवाळा सरताना एक पारख भरते. तिथला फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर धडकण्याचा. त्याच्या नॅशनल फुटबॉल लीगचे प्रशिक्षक आणि पारखी तिथे बसतात आणि कॉलेजातली तीनशेच्या वर मुले त्यांच्यासमोर येतात. उंची, वजन, हाताची लांबी घेतली जाते. पंजा पसरायला सांगून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीतसुद्धा मोजली जाते. 102 किलोचा बार किती वेळा उचलला, 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत धावला, सगळे लिहून ठेवले जाते. मग वसंतात 32 संघ सात फेऱ्यांमध्ये मुले निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात.

या मुलांतल्या ‘सेफ्टी’ या जागेवर खेळणाऱ्यांविषयी मला बोलायचे आहे. सेफ्टी म्हणजे बचावाची शेवटची फळी. पुढे सगळे एकमेकांना भिडलेले असताना हा दहा-पंधरा यार्ड मागे उभा असतो. क्वार्टरबॅकचे, म्हणजे समोरच्या संघातल्या चेंडू फेकणाऱ्याचे, डोळे कुठे वळतात, चेंडू घेऊन पळणार की लांब फेकणार, हे त्याला क्षणात ओळखावे लागते. तो चुकला तर मागे सावरायला कोणी नाही. आणि बरोबर ओळखले, तर लांबून पूर्ण वेगाने धावत येऊन त्याला समोरच्यावर आदळायचे असते. म्हणजे या जागेवर डोके दोन प्रकारे कामाला लागते. त्यातली समज वापरायची आणि त्यावर मारही झेलायचा. नेमके हे डोकेच पारखीतून दोन्ही वेळा निसटते.

समजेचे आधी पाहू. नोत्रदाम विद्यापीठाचा काइल हॅमिल्टन 2022 साली पहिल्या पाचांत निवडला जाईल असे बोलले जात होते. 40 यार्डांना त्याला 4.59 सेकंद लागले आणि चर्चेचा सूर बदलला. तो चौदावा निवडला गेला. पुढच्याच वर्षी, 2023 च्या हंगामात, तो देशातल्या सर्वोत्तम सेफ्टींमध्ये गणला गेला. त्याआधी 2002 साली एड रीडच्या आधी 23 जण निवडले गेले होते. त्याच रीडने पुढे प्रतिस्पर्ध्यांचे 64 पास मध्येच पकडले आणि 2019 मध्ये तो या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. समज मोजायला लीगने अनेक दशके बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक लेखी चाचणी वापरली. 2022 मध्ये तीही बंद केली.

पण माझे खरे दुःख दुसऱ्या निसटण्याचे आहे. आंद्रे वॉटर्स या सेफ्टीला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते. जिद्दीने तो संघात शिरला आणि बारा हंगाम खेळला. 2006 साली, 44 व्या वर्षी, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा तो 85 वर्षांच्या म्हाताऱ्याचा असावा इतका झिजलेला होता. 1985 च्या हंगामात शिकागोच्या विजेत्या संघात असलेला सेफ्टी डेव्ह ड्युअरसन निवृत्त खेळाडूंच्या अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर बसत असे. 2011 मध्ये, पन्नासाव्या वर्षी, तोही त्याच वाटेने गेला. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, अशी इच्छा त्याने मागे ठेवली होती. वारंवार बसलेल्या मारांनी होणारा, वॉटर्सचा मेंदू झिजवणारा तोच आजार त्याच्याही मेंदूत सापडला.

पारखीच्या वेळी डॉक्टर या मुलांना तपासत नाहीत असे नाही. गुडघे, खांदे, हृदय, सगळे बघतात. पण तपासणी संघासाठी असते. हे शरीर आपल्याला किती हंगाम पुरेल, एवढे त्यांना हवे असते. साठाव्या वर्षी याला नातवाचे नाव आठवेल का, हे तिथे कोणी विचारत नाही. पुढे निवृत्त खेळाडूंना मेंदूच्या आजाराची भरपाई द्यायची वेळ आली, तेव्हा तर अन्यायाची कमाल झाली. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. त्यांची बुद्धी मुळातच कमी होती असे धरून चाचण्यांचे गुण लावले जात. साहजिकच आजाराने झालेले नुकसान कमी भरे. ओरड झाल्यावर 2021 मध्ये लीगने ही पद्धत सोडायचे कबूल केले.

कोणी म्हणेल, मुले आपखुशीने येतात, कोट्यवधी डॉलर कमावतात. कमावणारे किती? कॉलेजात खेळून ड्राफ्टच्या वयाला पोहोचणाऱ्या शंभर जणांतले दोनही लीगमध्ये पोहोचत नाहीत. पोहोचलेल्यांनाही निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला तीन हंगाम पूर्ण करावे लागतात. 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीच्या मैदानावर डमार हॅमलिनचे हृदय बंद पडले, तेव्हा तो दुसऱ्याच हंगामात होता. हा सहाव्या फेरीत, 212 वा निवडलेला सेफ्टी. एकाला अडवले, उठून उभा राहिला आणि कोसळला. मैदानावरच छाती दाबून त्याला वाचवले. रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर, बोलता येत नव्हते म्हणून, त्याने लिहून विचारले की सामना कोणी जिंकला. तो वाचला, पुन्हा खेळलाही. पण मरणाच्या दारातून परतलेल्या पोराच्या मनात पहिला प्रश्न तो यावा, यात आपण त्याला काय शिकवले आहे ते दिसते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. कॉलेजात डोक्याला बसलेल्या प्रत्येक माराची नोंद मुलाच्या हाती यावी, आणि ती समजावून सांगणारा डॉक्टर कोणत्याही संघाच्या पगारावर नसावा. निवडीआधी संघ घेतात त्या मुलाखतीत मुलाचा मान राखला जावा. 2010 साली एका मुलाला त्याची आई वेश्या होती का, असे विचारले गेले; त्या संघाच्या व्यवस्थापकाला जाहीर माफी मागावी लागली. आणि मेंदूच्या उपचाराचा हक्क पहिल्या सामन्यापासून, जन्मभरासाठी मिळावा.

हे दूरचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे आयपीएलचा आणि प्रो कबड्डीचा लिलाव टीव्हीवर लागतो, आणि अमुक इतक्या कोटींना ‘विकला गेला’, तमुक ‘अनसोल्ड’ राहिला, असे आपण घरात पोरांसमोर सहज बोलतो. ज्याला कोणी घेतले नाही, तोही कोणाच्या तरी घरी रात्री जेवायला बसतो. निदान आपल्या तोंडची भाषा बदलणे तरी आपल्या हातात आहे.

खांदा बघून बैल घेणाऱ्याला खांदेमळणी चुकवता येत नाही. वीत मोजून माणूस घेणाऱ्यालाही ती चुकवू देऊ नये.