मूठभर माती

लान्स नाईक आल्बर्ट एक्का डिसेंबर १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडले. राष्ट्राने मरणोत्तर परमवीरचक्र दिले. पत्नी बलमदीना यांना मात्र पतीच्या कबरीवरची माती हवी होती. कबर दूर त्रिपुरात, घर झारखंडातील जारी गावी. २०१५ साली मातीचा कलश आला तेव्हा ती त्यांचीच कशावरून, असे घरच्यांनी विचारले.

पुनरुत्थानावर श्रद्धा असणाऱ्यांना मातीचा एवढा मोह कशाला, असे आम्ही धर्मगुरू चटकन बोलून जातो. परंतु मरिया माग्दालेनाही कबरीपाशी प्रभूचा देहच शोधीत रडत होती. प्रभूने तिला शास्त्र सांगितले नाही. नावाने हाक मारली. नोव्हेंबरात दफनभूमीत रेंगाळणाऱ्या विधवांना आम्ही हल्ली घाई करीत नाही.