मध्यरेषेपासून

आधी भिंत नुसती बघा. रंग, ब्रश, मोबाइलमधलं चित्र, सगळं बाजूला राहू दे. घरातली खोली असो, शाळेचा व्हरांडा असो की कारखान्याचं कँटीन, भिंतीसमोर खुर्ची टाकून निवांत बसा आणि तिच्यावर आधीपासून काय आहे ते वाचा. पोपडे, बुजवलेली खिळ्यांची भोकं, ओल चढलेला कोपरा. सांगलीच्या गावभागातली भिंत असेल तर २०१९ च्या महापुराची खूण अजूनही तिच्यावर असू शकते. गाळ धुतला, रंगाचे दोन हात दिले, तरी ती रेघ पुन्हा वर येते. तिच्याशी घरादाराचं दुःख बांधलेलं आहे. ती झाकायची की राखायची हे त्या घरच्यांनाच ठरवू दे. तुम्ही फक्त तिचा आडवेपणा बघा. गवंड्याच्या पाणसळीलाही तिच्यात खोट सापडणार नाही. विमानाच्या रेखाचित्राला अशीच एक आडवी आधाररेषा लागते. कॉकपिट किती वर, चाक किती खाली, सगळं तिच्यापासून मोजतात.

आता विमान मनात आणा, आणि काय आलं ते तपासा. बहुधा फोटो आला असेल. जरासं वळलेलं विमान, जवळचा पंख मोठा, पलीकडचा लहान, मागे ढग. फोटोत एका माणसाचा डोळा असतो, त्याची उभं राहण्याची जागा असते. रेखाचित्रात तसं कुणीच उभं नसतं. प्रत्येक बिंदू अगदी समोरून पाहिलेला असतो, म्हणून दोन्ही पंख एका मापाचे येतात आणि त्यांना फूटपट्टी लावता येते. असं दृश्य माणसाच्या डोळ्याला कधीच दिसत नाही. शेपटीखाली चाक असलेलं जुनं विमान धावपट्टीवर नाक वर करून उभं असतं. कागदावर मात्र ते हवेत असल्यासारखं सरळ मांडलेलं असतं. आणि एका चित्राने भागतही नाही. बाजूने पाहिलं तर पंखाची लांबी हरवते. वरून पाहिलं तर उंची जाते. समोरून पाहिलं तर विमान किती लांब आहे हेच कळत नाही. तीन चित्रं शेजारी मांडावी लागतात आणि डोळ्यांनी एकीकडून दुसरीकडे जात राहावं लागतं. इथे थोडं रेंगाळा. एखाद्या माणसाला किंवा गावाला आपण किती बाजूंनी पाहिलं आहे, असा प्रश्न मनात उठला तर उठू द्या. उत्तर आजच हवं असं नाही.

कोणतं विमान काढायचं? भिंतीसाठी लोक स्पिटफायर शोधतात, हल्ली राफाल शोधतात. त्यांची रेखाचित्रं ढिगाने मिळतात आणि ती सुंदरही आहेत. पण सातारा-सांगलीच्या भिंतीवर मला एचटी-२ हे शिकाऊ विमान हवं आहे. त्याचे धागे इकडेच येऊन मिळतात. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने त्यांनी बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभा केला. त्या कारखान्यात गेले डॉ. विष्णू माधव घाटगे, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. पंखाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं कोडं ज्यांनी उलगडलं तेच हे प्रांटल. घाटग्यांनी आखलेलं एचटी-२ हे ५ ऑगस्ट १९५१ रोजी पहिल्यांदा उडालं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं शिकाऊ विमान, संपूर्ण धातूचं. एकामागे एक दोन बैठका, एक शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. हवाई दलाच्या प्राथमिक प्रशिक्षणात ते कित्येक वर्षं राहिलं. त्याच काळात, १९६१ मध्ये, साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल सुरू झालं, आणि पुढे हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप वसंत नाईक तिथेच शिकले. एवढं सगळं आपल्या दाराशी असताना भिंतीवर पाहुणं विमान कशाला, असं मला मनापासून वाटतं.

रेखाचित्र शोधायचं काम सावकाश करा. कारखान्याचे मूळ आराखडे सहसा बाहेर येत नाहीत, आणि भिंतीला त्यांची गरजही नाही. ‘जेन्स ऑल द वर्ल्ड्स एअरक्राफ्ट’ हे १९०९ पासून निघणारं वार्षिक जुन्या तांत्रिक ग्रंथालयांतून चाळायला मिळतं. तीन बाजूंची चित्रं आणि मापं एकत्र देण्याची त्याची पद्धत आहे. ब्रिटनच्या ‘फ्लाइट’ने विमानाचा पत्रा जागोजागी काढून आतला सांगाडा दाखवणाऱ्या चित्रांची मोठी परंपरा घालून दिली. राइट बंधूंच्या १९०६ च्या पेटंटमधली चित्रं तर कुणालाही पाहता येतात. एचटी-२ स्वतः बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात उभं आहे. जमलं तर एकदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहा, फोटो न काढता.

हाती लागलेलं चित्र खरं की ताणलेलं, हे पारखायची साधी रीत आहे. एचटी-२ च्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०.७२ मीटर आणि लांबी ७.५३ मीटर. लांबीला पसाऱ्याने भागा, उत्तर ०.७० च्या आसपास यायला हवं. चित्रावर पट्टी ठेवून तोच भागाकार करा. ०.६४ आलं, ०.७८ आलं, तर कुणीतरी झेरॉक्स काढताना किंवा पडद्यावर ओढताना विमानाचा आकार बिघडवला आहे. ते बाजूला ठेवा आणि दुसरं शोधा. कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवा.

रंगाचा विचार अजूनही करू नका. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीची आठवण इथे मुद्दाम काढतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे उमगलं की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, त्यांनी कारखाना वसवला. जमीन देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. ज्याच्या हातून रंग निसटले त्याने रेघ धरली, आणि त्या रेघेतून नांगर निघाले, पंप निघाले. यांत्रिक रेखाटनातली रेघ दुसऱ्याच्या हातात जाते. तिच्याबरहुकूम कुणीतरी लोखंड कापतो, कुणीतरी भोक पाडतो. काढणारा शेजारी नसतो, समजावून सांगायला येत नाही. जे म्हणायचं ते रेघेतच म्हटलेलं असावं लागतं.

विमानाच्या बाबतीत ही जबाबदारी आणखी वाढते. घाटग्यांच्या कागदावरच्या प्रत्येक रेघेवर पुढे विशीतला एखादा मुलगा बसणार होता, तोही उडायला न येणारा. या एका विचारापाशी थांबा. भिंतीवरचं विमान कुणाला घेऊन उडणार नाही. तिथली रेघ इंचभर हुकली तर कुणाच्या जिवावर बेतणार नाही. तरीही जिच्यावर माणूस बसणार होता तीच रेघ तुम्ही पुन्हा काढत आहात. मूळ हाताला जी सवलत नव्हती ती आपण घ्यावी का?

हात उचलण्याआधी पंखाचा एक छेद काढून पाहा, सराव म्हणून. अमेरिकेच्या ‘नाका’ या संस्थेने १९३३ मध्ये अठ्ठ्याहत्तर छेदांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला २४१२ घ्या. जगभर दिसणाऱ्या सेसना १७२ च्या पंखाला पुढे तोच वापरला गेला. आकड्यांतच आकार आहे: मधली वक्ररेषा रुंदीच्या २ टक्के उचललेली, सर्वांत जास्त उचल पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, जाडी १२ टक्के. भिंतीवर छेद एक मीटर रुंद घेतला तर उचल २ सेंटिमीटर, पुढून ४० सेंटिमीटरवर, आणि जाडी १२ सेंटिमीटर. अहवालातल्या तक्त्यातले बिंदू खडूने लावा आणि प्रत्येक बिंदूवर बारीक खिळा ठोका. मग बांबूची लांब, एकसारखी तासलेली कामटी त्या खिळ्यांना टेकवून वाकवा. दोघांनी टोकं धरायची, तिसऱ्याने पेन्सिल फिरवायची. विमानांच्या कारखान्यांत पूर्वी मोठ्या दालनाच्या जमिनीवर खऱ्या मापाची चित्रं अशीच आखत. लाकडाच्या लवचीक पट्ट्या असत आणि त्या जागेवर राहाव्यात म्हणून शिशाची वजनं. कामटी दोन खिळ्यांच्या मधली वाट स्वतः ठरवते. एखादा बिंदू चुकला असेल तर तिथे ती पोटात येते किंवा खिळा सोडून उभी राहते. डोळ्याच्या आधी तिला कळतं. ती वाकताना बोटांना जो ताण लागतो तो काही क्षण तसाच जाणवू द्या. वक्रतेबद्दल पुस्तकात जे वाचाल ते सगळं त्या ताणात आहे.

मग विमानाचं समोरून दिसणारं चित्र घ्या. खालच्या अंगाला पंख असलेल्या अशा विमानांत पंखांची टोकं मुळापेक्षा किंचित वर असतात. घाईत काढणारा ते सपाट काढतो. विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला थोडं घसरतं. तेव्हा खालच्या पंखाला हवा जरा जास्त कोनात भिडते, हवेचा वर उचलणारा जोर वाढतो आणि तो पंख आपोआप वर यायला लागतो. शिकणाऱ्या मुलाच्या हातून चूक होईल हे धरूनच ती टोकं वर नेलेली आहेत. शिक्षकाचा असा विश्वास मला फार मोठा वाटतो, आणि चित्रात तो जेमतेम काही अंशांच्या कोनात असतो.

साताऱ्याकडे भिंतींना चित्रांची सवय जुनीच आहे. मेणवलीला कृष्णेकाठच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं अजून टिकून आहेत, आणि तेच पाणी पुढे सांगलीला येतं. तुमच्या भिंतीवर पहिली रेघ मध्यरेषा असू द्या. वरून दिसणारं विमान, नाक छताकडे. ओळंबा सोडा, तो डुलायचा थांबेपर्यंत थांबा, आणि गेरूत बुडवलेलं सूत मारा. कागदावर लांब-आखूड तुकड्यांनी दाखवतात ती ही रेषा खऱ्या विमानावर कुठेही नसते. पत्र्यावर नाही, सांगाड्यावर नाही. डावा-उजवा पंख, शेपटी, बैठका, सगळ्यांची मापं मात्र तिच्यापासूनच निघतात. १:४ प्रमाण धरलं तर पंखांचा पसारा २.६८ मीटर होतो आणि लांबी १.८८, मध्यम खोलीच्या भिंतीवर आरामात बसतं.

खालचा उजवा कोपरा शेवटपर्यंत रिकामा ठेवा. तांत्रिक चित्रात तिथे चौकट असते: नाव, प्रमाण, तारीख, कुणी काढलं, कुणी तपासलं. एचटी-२ लिहा, घाटग्यांचं नाव लिहा, १९५१ लिहा. तपासणारा मात्र काढणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. शाळेची भिंत असेल तर हे काम आठवीतल्या एखाद्या मुलीकडे द्या. तिच्या हातात टेप द्या आणि सांगा, मध्यरेषेपासून डाव्या टोकापर्यंत १.३४ मीटर, उजव्या टोकापर्यंतही १.३४. ती ‘बरोबर नाही’ म्हणाली तर तेवढा पंख पुसायचा, कामटी पुन्हा लावायची, आणि ती हो म्हणेपर्यंत तिचं नाव चौकटीत लिहायचं नाही.