श्रेय, प्रेय आणि बातम्यांचं फीड

आजचं वाचन कठोपनिषदातलं, पहिल्या अध्यायाची दुसरी वल्ली. श्रेय आणि प्रेय दोन्ही माणसासमोर येतात, शहाणा पारखून श्रेय घेतो, असं यम नचिकेताला सांगतो. वाचताना मला बातम्यांचं अ‍ॅप आठवलं. (धंद्याची खोड, दुसरं काय!)

२०१६ साली रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २६ देशांत विचारलं होतं, तुमच्या बातम्या कशा निवडलेल्या चालतील? आधी काय वाचलं त्यावरून, याला ३६ टक्के हो म्हणाले. संपादकांनी निवडाव्यात, याला ३०. मित्रांनी, याला २२. भारत त्यात नव्हता, पण आपलं उत्तर फार वेगळं आलं असतं असं वाटत नाही. त्याच सर्वेक्षणात अनेकांनी धास्तीही बोलून दाखवली: महत्त्वाची बातमी किंवा वेगळं मत हुकलं तर?

याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. माणसाला दोन्ही हवं असतं, आणि ते त्याला माहीतही असतं. अडतं ते यंत्राकडे. बोट कुठे टेकलं, किती वेळ रेंगाळलं, हे लॉगमध्ये येतं. ‘मला हे कळायला हवं होतं’ याचा कॉलमच नसतो.

पावसाळ्याआधी ठाणे महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. आमच्या नौपाड्यात जुन्या इमारती आणि नवे टॉवर एकाच गल्लीत. टॉवरमधला माणूस ती बातमी उघडत नाही, मग अ‍ॅप ती खाली ढकलत जातं. पण त्याच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी राहतात कुठे? वाचनालयाच्या टेबलावरचा पेपर निदान सगळ्यांपुढे तेच पहिलं पान ठेवतो. संपादकांचेही लागेबांधे असतात, मान्य. त्यांना ३० च टक्के मिळाले ते उगाच नाही.

यमानेही आधी हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य असं एकेक देऊन बघितलं, चक्क ए-बी टेस्टिंग! पण नचिकेत ‘नको’ म्हणाला तेव्हा त्याने ते ऐकलं आणि विचारलं होतं तेच सांगायला बसला. आपल्या फीडमधलं ‘नको’ तीन टिंबांच्या आत दडलेलं असतं.

मंडळी, ती टिंबं एकदा उघडून बघा. ठाणे आणि महापालिका हे विषय मी स्वतः निवडून ठेवलेत. वरती अजून क्रिकेटच येतंय.