ज्या वर्षी झुंज झाली नाही

मुहम्मद अली नेमका कधी ऐन भरात होता, यावर मुष्टियुद्धाचे जाणकार गेली कित्येक दशकं भांडत आहेत. एक पक्ष 14 नोव्हेंबर 1966 या तारखेवर बोट ठेवतो. त्या रात्री ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये त्याने क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं आणि स्वतः जवळपास फटका खाल्लाच नाही. दुसऱ्या पक्षाला किन्शासाचा अली हवा असतो. 30 ऑक्टोबर 1974 ला त्याचे पाय पूर्वीसारखे नाचत नव्हते, तरी जॉर्ज फोरमनसारखा पहाड त्याने आठव्या फेरीत आडवा केला. या दोन तारखांच्या मध्ये मोठी पोकळी आहे. एप्रिल 1967 मध्ये सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्याचा किताब गेला, परवाने गेले, आणि ऑक्टोबर 1970 पर्यंत, म्हणजे वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, तो रिंगणाबाहेर राहिला. म्हणून तिसरा पक्ष म्हणतो की त्याचा खरा भर याच न लढलेल्या वर्षांत होता आणि तो कुणी पाहिलाच नाही.

आमच्या चंद्रपुरात हाच वाद वाघांवरून होतो. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांवर, जिप्सीचालकांत, गाइडांत, छायाचित्रकारांत आणि वनरक्षकांतही. वाघडोह मोठा की गब्बर? मटकासुर ऐन जोमात असताना बजरंग त्याच्यापुढे टिकला असता का? छोटा मटका बापाच्या तोडीचा झाला का? उमरेड-कऱ्हांडल्याचा जय ताडोबात आला असता तर काय झालं असतं? बाहेरच्याला हे वेळ घालवण्याचं बोलणं वाटेल. मला तसं वाटत नाही. वाघाचा भराचा काळ आपण कशावरून ठरवतो, यावर त्याच्याविषयीची आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांविषयीची आपली धोरणं ठरत असतात. आणि ते आपण चुकीच्या पुराव्यावरून ठरवतो आहोत, असं माझं मत आहे.

पुरावा म्हणून आपल्याकडे असतात छायाचित्रं आणि झुंजी. छायाचित्र उन्हाळ्यात पाणवठ्यावर किंवा गाडीरस्त्यावर मिळतं, आणि ते वाघाच्या ताकदीपेक्षा त्याच्या धीटपणाबद्दल जास्त सांगतं. झुंज तर क्वचितच कुणाला दिसते. दिसतो तो दुसऱ्या दिवशीचा लंगडणारा पाय, फाटलेला ओठ किंवा शेतात पडलेलं शव. नोव्हेंबर 2023 मध्ये चिमूर तालुक्यात वहानगावजवळ बजरंग मृतावस्थेत सापडला. छोटा मटकाने त्याला मारलं ही बातमी पसरली आणि त्या दिवसापासून छोटा मटका हा निर्विवाद राजा झाला. त्याचं नाव मुंबई-पुण्याच्या पर्यटकांच्या तोंडी बसलं ते तेव्हापासून.

पण विल्यम्सची गोष्ट आठवावी. अली ज्या रात्री सर्वांत देखणा लढला असं म्हणतात, त्या रात्री समोरचा माणूस अर्धा होता. 1964 मध्ये पोलिसाची गोळी त्याच्या पोटात शिरली होती, अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, एक मूत्रपिंड गेलं होतं. जिंकणाऱ्याची उंची मोजायची तर हरणाऱ्याची अवस्था आधी तपासावी लागते. मुष्टियुद्धात ती निदान कागदावर सापडते. जंगलात हरलेल्याचं वय, त्याचे झिजलेले सुळे, त्याची जुनी जखम हे शवविच्छेदनाच्या टेबलावर कळतं, आणि तोवर राज्याभिषेक झालेला असतो.

यापेक्षा मोठा मुद्दा वेगळा आहे. मुष्टियोद्धा लढला नाही तर त्याला किताब राखता येत नाही. वाघाचं याच्या नेमकं उलट आहे. नर वाघ आपली हद्द राखतो ती झाडांच्या बुंध्यांवर मारलेल्या फवाऱ्यांनी, नखांच्या ओरखड्यांनी, डरकाळीने आणि रोजच्या पायपिटीने. त्याच्या अंगावर सुमारे दोनशे किलो वजन असतं, पण मागे कुणी नसतं. सुळा तुटला किंवा पुढचा पंजा निकामी झाला की सांबर आणि रानगवा हातचा जातो, मग तो गुरांकडे वळतो, मग उपास. म्हणून शहाणा नर झुंज टाळतो, आणि बलाढ्य नराच्या वाटेला दुसरा सहसा जातच नाही. फवाऱ्याच्या वासातूनच त्याला उत्तर मिळालेलं असतं. दोन मोठे नर खरोखर भिडले याचा अर्थ दोघांपैकी निदान एकाला समोरच्याच्या ताकदीबद्दल शंका आली. ती शंका राजाच्या सुरुवातीच्या दिवसांत येते, नाहीतर उतरणीला लागल्यावर.

मग भराचा काळ ओळखायचा कशावरून? मी म्हणेन, जगलेल्या बछड्यांवरून. नर वाघाच्या हद्दीत दोन-तीन किंवा त्याहून अधिक वाघिणी असतात. नवा नर आला की तो आधीच्या नराची लहान पिल्लं बहुतेक वेळा मारतो, म्हणजे वाघीण लवकर माजावर येते. बछडे आईपासून सुटे व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. एक वीण सुरक्षित मोठी व्हायची तर बापाने निदान तेवढा काळ हद्द धरून ठेवायला हवी. नेपाळमधल्या चितवनच्या दीर्घ अभ्यासात वाघिणीचा प्रजननाचा काळ सरासरी 6.1 वर्षं आणि नराचा अवघा 2.8 वर्षं आढळला. सरासरी नराला जेमतेम एकदा बाप म्हणून यशस्वी होण्याइतकीच सवड मिळते, असा याचा अर्थ. या 2.8 वर्षांच्या शेजारी वाघडोहला उभं केलं की तो काय होता ते कळतं.

वाघडोह, चेहऱ्यावरच्या व्रणामुळे ज्याला स्कारफेस म्हणायचे, मे 2022 मध्ये चंद्रपूरजवळच्या सिनाळ्याच्या जंगलात मेला. वय अंदाजे 17 वर्षं. रानातल्या नराला इतकं आयुष्य क्वचित लाभतं. ताडोबात त्याच्यापासून झालेल्या बछड्यांची संख्या चाळीसच्या आसपास सांगितली जाते. हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. मोहर्लीच्या बाजूला वर्षानुवर्षं त्याचा अंमल होता, आणि त्या वर्षांतली एखादी गाजलेली झुंज सांगा म्हटलं तर सांगणारा अडतो. सांगतात ते पुढचं: तरुण नरांनी त्याला कोअरमधून बाहेर कसं रेटलं, बफरमध्ये आणि शहरालगतच्या जंगलात त्याने शेवटची वर्षं कशी काढली, तो किती खंगला होता. अखेरच्या छायाचित्रांतला तो हाडकुळा वाघ आपल्या मनात बसला आहे. त्याचा खरा भर आहे तो ज्या वर्षांबद्दल कुणाला काही विशेष आठवत नाही त्या वर्षांत. मोहर्लीच्या वाघिणी तेव्हा पिल्लं वाढवत होत्या, आणि हेच त्याचं काम होतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो मला बरेच दिवस सतावत होता. झुंज झाली नाही याचं कारण प्रतिस्पर्धीच नव्हता, असंही असू शकतं. मुष्टियोद्धा जो लुईने 1937 ते 1949 जवळजवळ बारा वर्षं किताब राखला, 25 वेळा, आणि त्यावरही टीकाकार म्हणतात की त्याच्या काळात समोर होतं कोण? वाघडोहच्या तारुण्यात ताडोबाच्या भोवतालचं जंगल आजच्याइतकं दाटलेलं नव्हतं. आज चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत आणि त्यातले कितीतरी व्याघ्र प्रकल्पाच्या सुमारे 1,700 चौरस किलोमीटरबाहेर, ब्रह्मपुरी विभागात, चंद्रपूर विभागात, वनविकास महामंडळाच्या सागवानी पट्ट्यांत राहतात. या गर्दीत छोटा मटकाने नवेगाव-अलीझंझाच्या बाजूला जी वर्षं काढली, ती वाघडोहच्या दुप्पट वर्षांइतकी मोलाची धरावीत, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. हद्दीचा कालावधी मोजताना शेजारी किती नर दबा धरून होते हेही मोजलं पाहिजे. पण मोजायचा तो कालावधीच.

म्हणून छोटा मटकाबद्दल माझं मत प्रचलित मताच्या विरुद्ध आहे. बजरंगला मारलं तो त्याच्या भराचा कळस समजला जातो. मला तो उताराचा आरंभ दिसतो. त्या झुंजीनंतर तो जबर जखमी होता, कितीतरी दिवस लंगडत होता. तो सावरला, पण 2025 च्या मे महिन्यात ब्रह्मा नावाच्या नराशी पुन्हा गाठ पडली. ब्रह्मा मेला. छोटा मटकाचा पाय या वेळी बरा झाला नाही, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि ऑगस्टमध्ये त्याला बेशुद्ध करून चंद्रपूरच्या उपचार केंद्रात आणावं लागलं. नोंदवहीत दोन्ही झुंजी त्याने जिंकल्या. 1 ऑक्टोबर 1975 ला मनिलात अलीनेही जिंकलीच होती. प्रतिस्पर्धी फ्रेझरच्या माणसांनी पंधराव्या फेरीआधी लढत थांबवली आणि हात उंचावला गेला अलीचा, पण त्या रात्रीनंतर तो पूर्वीचा अली पुन्हा कधी झाला नाही. छोटा मटकावर लागोपाठ दोन झुंजींची वेळ यावी, हेच त्याच्या हद्दीचा वचक उतरल्याचं लक्षण होतं.

जयबद्दल बोलताना मला अजून त्रास होतो. नागझिऱ्यात जन्मलेला हा नर 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात आला, त्याने तिथलं छोटं अभयारण्य नकाशावर आणलं, त्याला रेडिओ कॉलर लागली, आणि एप्रिल 2016 नंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. वय सहाच्या घरात होतं. त्याचा मुलगा श्रीनिवास पुढच्या वर्षी नागभीड भागात शेताच्या तारेतल्या विजेने मेला. जयचा भर कधी होता, हा प्रश्नच मला नीट विचारता येत नाही, कारण तो यायच्या आत किंवा आल्या आल्या खुडला गेला. अलीची साडेतीन वर्षं गेली तरी तो परत आला. आपल्याकडे तरुण नर नाहीसा होतो तेव्हा त्याच्यामागे त्याच्या वाघिणींची चालू वीणही जाते, कारण रिकाम्या हद्दीत महिन्या-दोन महिन्यांत दुसरा शिरतो. एका विजेच्या तारेचा हिशेब एका वाघावर थांबत नाही.

हे सगळं गावांपर्यंत येतं, आणि मला खरं तर तिथेच यायचं होतं. जम बसलेला, पोट भरलेला, हद्द पक्की असलेला नर गावाच्या शेजारी असणं आणि हद्द शोधत भटकणारा तरुण किंवा हाकलला गेलेला म्हातारा नर असणं, यांत गुराख्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याच्या येण्याजाण्याच्या वाटा गावाला माहीत होतात. दुसऱ्याच्या कुणालाच माहीत नसतात. ऑक्टोबर 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात वडसा भागात सीटी-1 या नराला पकडलं, तेव्हा गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून त्याच्या खात्यावर 13 माणसांचा बळी नोंदला गेला होता. तीन जिल्हे फिरणाऱ्या नराला एका जागी पाय रोवता आलेले नसतात. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत वाघ पुन्हा आले याचा मला मनापासून आनंद आहे, पण येतात ते बहुधा असे, जागा न मिळालेले. सगळे हल्ले असेच होतात असा माझा दावा नाही. पिल्लांवर असलेली वाघीण कुठेही, कुणावरही येते. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या, त्यांच्या घरच्यांपुढे हद्दीचं शास्त्र मांडायची माझी हिंमत नाही. तरीही, कुठल्या कंपार्टमेंटमध्ये कोणत्या नराचा अंमल किती वर्षं टिकला आहे आणि कुठे तो मोडू लागला आहे, हे आधी कळलं तर काही मृत्यू टळतील.

आणि ते कळू शकतं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवरून त्यांची ओळख पटते, आणि वर्षानुवर्षांची ही छायाचित्रं वन विभागाकडे आणि भारतीय वन्यजीव संस्थेकडे साठलेली आहेत. त्यांतून आपण मुख्यतः संख्या काढतो, कारण संख्येची बातमी होते. त्याच छायाचित्रांतून कारकिर्दी काढता येतील: अमुक नर अमुक नाल्यापासून अमुक रस्त्यापर्यंत कधीपासून आहे, त्याच्या हद्दीतल्या किती विणी दोन वर्षं पुरी करू शकल्या, यंदा त्याच्या कडेला कोणता नवा नर वारंवार दिसतो आहे. असं झालं तर गेटावरच्या वादालाही आधार मिळेल, आणि छोटा मटकासारखा नर दुसऱ्या झुंजीकडे चालला आहे हे झुंजीआधी दिसेल. कारकीर्द संपत आली की शेजारच्या गावांना सावध करायचं, गुरं आत चारायला न्यायची थांबवायची, प्राथमिक प्रतिसाद दलातल्या पोरांची गस्त वाढवायची, ही कामं वाघाला हात न लावता करता येतात.

ताडोबाच्या वाघांना निदान नावं आहेत, त्यांच्यासाठी भांडणारे लोक आहेत. ब्रह्मपुरी विभागातल्या आणि नदीपलीकडच्या बहुतेक नरांना नुसते क्रमांक आहेत. त्यांच्यापैकी कोण ऐन भरात आहे आणि कोणाचा अंमल सुटत चालला आहे, याची माहिती सावली, सिंदेवाही, नागभीड आणि वडशाच्या ग्रामसभांना तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होण्याआधी, एप्रिलमध्येच मिळायला हवी.