खवल्यांचा पुरावा

रावसाचे तुकडे, त्यांवर तेल, मीठ, मिरपूड आणि लिंबू. सोबत हिवाळ्यातली रताळी, गाजरं, लाल भोपळा. भाज्या आधी अर्धा तास ओव्हनमध्ये भाजायच्या, मग त्याच ट्रेमध्ये मासळी ठेवून आणखी पंधरा मिनिटं. मंगळवारी रात्री कामावरून दमून आलेल्याला हे सहज जमतं.

ज्यू धर्माचे आहारनियम काटेकोर पाळणाऱ्या घरातही हा बेत इतकाच सोपा. मासा तिथे मांसात धरत नाहीत आणि दुधातही नाही. तो विधिपूर्वक कापावा लागत नाही, रक्त काढायला मिठात ठेवावा लागत नाही. मुख्य अट एकच: त्याला पर आणि खवले हवेत. त्यामुळे कोळंबी, चिंबोरी, मुशी बाद.

पण का? खवले नसलेल्या माशाने असं काय केलं आहे?

बायबलमधल्या ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ या दोन्ही पुस्तकांत नियम आहे. खवलेच का, याचं स्पष्टीकरण नाही. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ मैमोनिदीस स्वतः वैद्य होता. निषिद्ध अन्न शरीराला बाधतं, खवले ही फक्त चांगला मासा ओळखायची खूण, असं त्याचं मत. पुढे ज्यू भाष्यकार आब्राव्हानेलने ते खोडून काढलं: परधर्मी लोक हेच अन्न खाऊन धडधाकट आहेत, आणि तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, हा काही वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. ताल्मुद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ तर आणखी पुढे जातो. खवले असलेल्या प्रत्येक माशाला पर असतातच, मग परांचा उल्लेख तरी कशाला? तोरेचा विस्तार आणि गौरव वाढावा म्हणून, असं उत्तर तिथे मिळतं. उपयोगाचा हिशेब त्या उत्तरात कुठेच नाही.

या वादातली एक मोलाची साक्ष रायगडच्या किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून बेने इस्रायल समाज वाढला, असं त्यांची परंपरा सांगते. ही माणसं तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू विसरली, ग्रंथ उरले नाहीत. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू तिथे आला. हे खरोखर आपले का, हे पाहायला त्याने बायकांना सरमिसळ मासळी रांधायला दिली. त्यांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले: हे आम्ही खात नाही. राहाबीची खात्री पटली.

परंपरेतल्या या कथेत आरोग्याचा शब्दही नाही. ग्रंथ हरवल्यावरही धर्म ओळखता आला तो मासे निवडणाऱ्या बायकांमुळे. धर्मचिंतनाच्या पुस्तकांत या स्वयंपाकघरांना फार थोडी जागा मिळते, आणि तो अन्याय आहे.

असे नियम माणसांना शेजाऱ्यांपासून तोडतात, हा आक्षेप गंभीर आहे, आणि इतर ठिकाणी तो खराही ठरला आहे. कोकणात मात्र याच समाजाने मराठी आपलीशी केली, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावं घेतली, आणि खवल्यांचा नियमही सोडला नाही. मैमोनिदीसची थोरवी मान्य करूनही या प्रश्नावर आब्राव्हानेलचंच म्हणणं पटतं.