पोथी बुडाली, शनिवार उरला

दिल्लीत हिंदूराव म्हटले की टेकडीवरचे रुग्णालय आठवते. ते नाव बायजाबाई शिंद्यांच्या भावाचे, कागलच्या घाटग्यांचे, हे बसचा कंडक्टर कशाला सांगेल! टेकडी उतरली की दिल्ली विद्यापीठ. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने भारतातल्या ज्यूंवर काम करायचे ठरवले, तर त्याला आधी हुमायून रोड गाठावा लागतो. तिथे १९५६ साली उभे राहिलेले जुडा हायम सिनेगॉग आहे, शेजारी दफनभूमी. या सिनेगॉगचे वर्षानुवर्षे मानद सचिव राहिलेले इझिकेल आयझॅक मलेकर हे मराठीभाषक बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू समाजाचे.

सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. दिल्लीत ज्यू कुटुंबेच बोटांवर मोजण्याइतकी. मलेकरांनी त्या दहांत बायकांनाही धरले. कर्मठांना हे रुचणार नाही, पण त्यातला प्रश्न जुनाच आहे: धर्म ग्रंथात असतो, की तो पाळणाऱ्या माणसांत?

विद्यापीठांचा कल पहिल्यापासून ग्रंथाकडे. बर्लिनमध्ये १८१९ साली लिओपोल्ड झुन्झ आणि त्याच्या मित्रांनी ज्यू संस्कृतीच्या शास्त्रशुद्ध अभ्यासासाठी मंडळ काढले, ते हस्तलिखिते आणि व्याकरणाच्या बळावर. त्याच परंपरेतला मोठा सूचिकार स्टाइनश्नायडर उतारवयात म्हणाल्याचे सांगतात की, आता ज्यू धर्माचे रीतसर अंत्यसंस्कार करणे एवढेच काम उरले आहे.

कोकणात मात्र गाडी उलटी चालली. बेने इस्राएलांच्या कथेप्रमाणे नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्राने गिळल्या. मग शतकानुशतके ग्रंथाविना काय टिकले? शनिवारची सुट्टी, सुंता, काही खाण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने नाव ठेवले ‘शनवार तेली’. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा परका ज्यू आला. त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी टाकली. त्यांनी खवले आणि पंख असलेली, म्हणजे ज्यूंना खायला चालणारी, वेगळी काढली. रावस इकडे, मुशी तिकडे. हे ज्यूच, अशी त्याची खात्री पटली.

इतिहासकार इथे भुवई उंचावतात. रहाबी कोणी अकराव्या शतकात नेतो, कोणी अठराव्या. तारीख हवीच, पण ही कथा सांगणाऱ्यांचा आग्रह तारखेवर नाही. आपली ओळख माजघरात, मासळी निवडणाऱ्या हातांत टिकली, असे त्यांना म्हणायचे आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा मुद्दा फारसा निघत नाही.

पुढे ग्रंथ परत आला, तोही मराठीतून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ साली मराठीत हिब्रूचे प्राथमिक व्याकरण छापले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही झाले. म्हणजे घाण्यावर शनिवार सांभाळणाऱ्या समाजातला माणूस दोन-चार पिढ्यांत उत्तरपत्रिका तपासू लागला! हाईम सॅम्युअल केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून ठेवला. तो छापला गेला तेल अवीवला, १९३७ साली. लेखक तोवर हयात नव्हता.

बेने इस्राएल इस्रायलला गेल्यावरही ग्रंथाने त्यांना गाठलेच. १९६०च्या दशकारंभी तिथल्या धर्मपीठाने लग्नासाठी बेने इस्राएलांच्या वंशाची चौकशी मागितली. जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. १९६४ साली संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. ज्यांनी पोथीशिवाय शनिवार पाळला, त्यांच्याकडे वंशाचा पुरावा मागणे हा विनोदच.

म्हणून हिंदूरावच्या उतारावरच्या त्या विद्यार्थ्याने हिब्रू जरूर शिकावी, पण मराठीला ऐच्छिक विषयात ढकलू नये. पुण्यात १८७४ साली छापलेली, वल्हांडणाला वाचायची हिब्रू-मराठी हगादा त्याने एकदा उघडावी. त्यात मिसरमधून सुटकेची गोष्ट आहे, आणि साड्या नेसून जमिनीवर बसलेल्या बायका बेखमीर भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत.